अजगराच्या पेटीतील हवामान

नागपंचमीच्या पाटावर गंधाने रेखिलेला नाग, एवढाच पांढरपेशा घराचा सर्पजातीशी संबंध, असे म्हणण्याचे दिवस निदान आमच्या गोरेगावात तरी सरले आहेत. पूर्वेस आरेचे रान पसरलेले. पावसाळ्यात तिकडील एखादा पाहुणा आवारात शिरतो, सर्पमित्रास निरोप जातो, आणि मुले भिण्याऐवजी भोवती गर्दी करितात. आमच्या पुतण्यास ही गोडी चित्रनगरीजवळील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्ग-शिक्षण केंद्रात लागली आणि तिची परिणती घरात एक बॉल पायथन येण्यात झाली! आपल्याकडील साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वर्ज्य आहे. हा पश्चिम आफ्रिकेकडील, बिनविषारी, चारेक फुटांचा अजगर. परंतु त्याचीही नोंदणी त्या कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीप्रमाणे करावी लागते. ते कागद पुरे झाल्यावाचून पेटी उंबरठ्याच्या आत यावयाची नाही, असे आमच्या थोरल्या बंधूंनी बजाविले होते. मातोश्रींची अट निराळीच होती. त्या म्हणाल्या, “मुके जनावर आणता आहात. आपल्या हयगयीने त्याचे हाल झाले, तर ते पाप ह्या घरास लागेल.”

अट ऐकावयास सोपी, पाळावयास कठीण. गाय हंबरते, मांजर दाराशी ओरडते. साप कण्हत नाही. त्याच्या देहाची ऊब बाहेरूनच यावयाची, म्हणून पेटीच्या एका टोकास सुमारे ३२ अंश सेल्सियस व दुसऱ्यास २६ च्या आसपास उष्णता राखावी लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्के हवी. कात टाकण्याच्या सुमारास थोडी अधिक. हवा कोरडी पडली, की कात अखंड न उतरता तुकड्यांनी सुटते आणि डोळ्यांवरील पापुद्रा तसाच चिकटून राहतो. उलट तळ सदा ओला राहिला, तर पोटाचे खवले सडू लागतात.

आता, गोरेगावच्या हवेस कोरडी कोण म्हणेल? येथेच मौज आहे. २६ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ३२ अंशांपर्यंत तापविली, की पाण्याचा एक थेंबही कमी न होता तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवर उतरते. त्यात मे महिन्यात खोलीतील वातानुकूलन यंत्र हवेतील पाणी नळीवाटे बाहेर टाकीत असते. म्हणजे बाहेर आपण घामाने निथळत असता आत बिचाऱ्या अजगरास कोरड पडावयाची! तेव्हा एकच मापक पेटीच्या मधोमध टांगून भागत नाही. दोन टोकांस दोन हवेत, आणि तेही जनावर जेथे वेटोळे घालून बसते त्या उंचीवर.

बाजारात काटा फिरणाऱ्या तबकड्या स्वस्त मिळतात. सोस्यूर ह्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने मनुष्याच्या केसावर आर्द्रतामापक बसवून त्याचे शास्त्र १७८३ मध्ये प्रसिद्ध केले. दमट हवेत केस लांबतो, हे त्यातील मर्म. ती युक्ती मोठी सुंदर. पण आजच्या स्वस्त तबकड्यांवर माझा विश्वास नाही. नव्या सेन्सरात एक सूक्ष्म पापुद्रा हवेतील ओल शोषतो व त्याने बदललेली विद्युत्‌धारकता मोजली जाते. ह्यांतही तरतम आहेच: डीएचटी-११ नावाचा स्वस्त सेन्सर उष्णतेत २ अंशांची व आर्द्रतेत ५ टक्क्यांची चूक स्वतःच कबूल करितो.

पुतण्याचे सारे लक्ष ॲपमधील रंगीत आलेखांवर. मी मात्र एकच प्रश्न धरून बसलो. भाद्रपदात आपण सारी मंडळी गणपतीस कोकणात जातो, तेव्हा पाहणार कोण? ब्लूटूथचा सेन्सर घरच्या घरी बोलतो, चिपळुणास निरोप धाडीत नाही. त्यास वाय-फायची जोड लागते. आणि वीज गेली, की वाय-फायही मुका होतो. अशा वेळी काही ॲप शेवटचा आकडा तसाच झळकवीत ठेवतात व आपण निर्धास्त राहतो. म्हणून निरोप येणे थांबले तरी जो घंटा वाजवितो, तोच घ्यावा, असे मी ठरविले. शिवाय किल्ली शेजाऱ्यांकडे. सेन्सर हा साक्षीदार आहे, कामगार नव्हे. ऊब आवरण्यास थर्मोस्टॅट वेगळाच लागतो, आणि उबेच्या गादीखेरीज त्यावाचून दुसरा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन सेन्सर आले, त्यांची परीक्षा मातोश्रींच्या स्वयंपाकघरातच झाली. एका झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे. ते झाकण व सेन्सर एका घट्ट डब्यात दिवसभर बंद ठेवावे. २५ अंशांस आतील आर्द्रता ७५ टक्के व्हावयासच हवी. आमचा एक ७८ सांगत होता, दुसरा ७३. हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या काचेस चिकटविली आहे. मातोश्री सकाळी तुळशीस पाणी घालून परतताना चष्मा लावून आकडा वाचतात, चिठ्ठी पाहून तीन वजा करितात, आणि उणे वाटल्यास पुतण्यास हाक मारून उठवितात.