गणेशखिंडीचा रस्ता किती रुंद हवा?

पुण्याला आलेला पाहुणा शनिवारवाडा बघतो, पर्वती चढतो, बाकरवडीचा पुडा बांधून घेतो आणि आपल्या गावी परततो. गणेशखिंडीचा रस्ता ‘बघायला’ म्हणून कोणी जात नाही. त्यावरून सगळे नुसते जातात, आणि तेही घड्याळाकडे बघत. पण पुण्याचा स्वभाव ओळखायचा असेल, तर सिमला ऑफिसपासून विद्यापीठाच्या दारापर्यंतचा हा रस्ता एकदा पायी चालून पाहावा. पाऊण तासाची चाल आहे. पण तेवढ्यात दोनशे वर्षे डोळ्यांसमोरून जातात.

पुण्यात सिमला कुठून आले, असे नवखा माणूस विचारतोच. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. इमारत पुण्याची, दगड पुण्याचा, पण लोकांनी नाव ठेवले ते सिमल्याचेच! तिथून पुढच्या साऱ्या भागावर विद्येचा पगडा. शेतकी कॉलेज, शासकीय तंत्रनिकेतन आणि शेवटी चारशे एकरांहून मोठ्या आवारात पसरलेले विद्यापीठ. सकाळी नऊच्या सुमारास बसथांब्यांवर उतरणाऱ्या मुलामुलींची गर्दी पाहिली, की हा रस्ता मोटारींचा आहे की पुस्तकांचा, असा प्रश्न पडावा.

खिंडीतला गणपती अजूनही आपल्या जागी आहे. त्याच्यामुळेच खिंडीला हे नाव पडले. याच परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या. इतिहासात तिला खडकीची लढाई म्हणतात. पुढे सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या गव्हर्नरांसाठी येथे पावसाळी निवासस्थानाचे बांधकाम सुरू झाले. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वाढदिवसाचा समारंभ आटोपून रँडसाहेबाची बग्गी याच वाटेने परतत होती, आणि दामोदर व बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी प्लेगातल्या जुलमाचा हिशेब येथेच चुकता केला. गव्हर्नरांच्या त्याच वाड्यात १९४९ साली पुणे विद्यापीठ आले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. राज्यकर्त्याच्या मेजवानीची जागा मुलींना शिकवणाऱ्या बाईच्या नावाने ओळखली जावी, यापरता काळाचा न्याय तो कोणता!

या साऱ्याला साक्षी होते ते रस्त्याच्या कडेचे वड. त्यांच्या पारंब्यांखालून सायकली गेल्या, टांगे गेले, लाल बसगाड्या गेल्या. मग मोटारी वाढल्या आणि रस्ता अपुरा पडू लागला. औंध, बाणेर, पाषाण ही एके काळची खेडी शहर झाली. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. आणि या सर्वांना शिवाजीनगरास येण्याचा सरळ मार्ग म्हणजे हीच खिंड. रस्ता रुंद करावा अशी मागणी झाली. रुंदीकरण झाले, वड गेले. विद्यापीठ चौकात २००६ साली उड्डाणपूल झाले. पुलांनी प्रश्न सुटेल असे सांगण्यात आले होते. सुटला नाही तो नाहीच. उलट हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोसाठी २०२० साली तेच पूल पाडावे लागले. वडाने शतक काढावे आणि काँक्रीटच्या पुलाने चौदा वर्षांत मान टाकावी, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. घरात मिक्सर घेतानासुद्धा ती याहून अधिक विचार करते!

त्यानंतर पुन्हा नवे बेत झाले. खाली मोटारींचा पूल आणि वर मेट्रो असा दुमजली पूल आखला गेला. त्याची औंधकडून शिवाजीनगरकडे येणारी बाजू २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुली झाली. रस्ता ३६ मीटरांवरून ४५ मीटर करायचे ठरले. त्यासाठी २०२३ साली पुन्हा झाडे तोडण्याचा प्रश्न आला, नागरिकांनी हरकती घेतल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

हा वाद ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात कोणताच पक्ष सर्वस्वी चुकीचा नाही. रोज दीड-दीड तास गाडीत अडकणारा नोकरदार म्हणतो, “घरी पोचेपर्यंत मूल झोपलेले असते, मला रस्ता द्या.” त्याचे दुःख खोटे नाही. रुग्णवाहिका कोंडीत अडकलेली पाहिली, की झाडाची माया करणाऱ्याच्याही पोटात कालवते. दुसरा म्हणतो, “भर उन्हात बसथांब्यावर उभे राहून दाखवा, मग झाडाची किंमत विचारा.” त्याचेही खरेच आहे. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला महाराष्ट्राच्या कायद्याने २०२१ पासून वारसावृक्ष मानले आहे आणि झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याचा नियमही केला आहे. पण शहराबाहेर लावलेली शंभर रोपे या थांब्यावर सावली कशी धरणार?

या दोघांच्या वादात तिसरा पक्ष मात्र बोलतच नाही. तो म्हणजे रस्ता ओलांडणारा विद्यार्थी. हरकतींच्या सुनावणीच्या वेळी त्याचे तास असतात. तो तीन वर्षे येथे राहतो, पदवी घेतो आणि निघून जातो. त्याच्या जागी दुसरा येतो. घरमालकाला वॉर्ड असतो, मोटारवाल्याला आवाज असतो. विद्यार्थ्याला यांतले काहीच नसते. रस्ता नऊ मीटर वाढला, म्हणजे त्याला जीव मुठीत धरून नऊ मीटर अधिक पळावे लागते, ही गोष्ट नकाशावर कोठेच दिसत नाही. संध्याकाळी या रस्त्यावर एखादी कॉलेजकन्या थांब्यावरच्या म्हाताऱ्यांना “आजोबा, माझ्याबरोबर चला, मी हात दाखवते,” असे म्हणत पलीकडे नेताना दिसते. रुंद रस्त्याची खरी परीक्षा या दोघांनी दिलेली असते.

बरे, रुंदीने कोंडी सुटते का? अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवले, की गर्दीच्या वेळचा रस्ता मोठा केला तर दुसऱ्या वाटेचे, दुसऱ्या वेळेचे आणि बसने जाणारेही मोटार घेऊन तेथेच येतात व रस्ता पुन्हा भरतो. २०११ साली ड्युरांटन आणि टर्नर यांनी अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हाही जितका रस्ता वाढला त्याच प्रमाणात मोटारींची धाव वाढलेली आढळली. आपल्याकडे याला दुसरा शब्द आहे: पाहुण्यांसाठी खोली वाढवली की पाहुणे वाढतात!

याचा अर्थ रस्ते कधी रुंद करूच नयेत असा नाही. मोजमाप मात्र बदलायला हवे. वाहने नव्हे, माणसे पुढे जावीत, असे केंद्र सरकारच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच म्हटले आहे. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे बसतात. तितक्याच माणसांच्या मोटारी रांगेत लावल्या, तर रांग चौकाबाहेर जाईल. तेव्हा वाढलेले नऊ मीटर कोणाला मिळाले, हा खरा प्रश्न. त्यांतून बसला स्वतंत्र वाट मिळाली, दोन माणसे शेजारी चालतील असा पदपथ मिळाला, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल मिळाला, पदपथाकडेला सावलीची झाडे परत आली, तर रुंदीकरण सार्थकी लागले. नाहीतर आपण फक्त कोंडी रुंद केली.

हे केवळ पुण्याचे दुखणे नाही. ठाणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे कॉलेजच्या दारातला एखादा रस्ता आज ना उद्या फीतकाठीखाली येणारच आहे. रस्त्याची रेषा बदलण्यापूर्वी आणि झाड तोडण्यापूर्वी जाहीर नोटीस देणे कायद्याने आवश्यक असते व त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते आणि आपण ती रद्दीत घालतो. यापुढे ती काढून ठेवावी, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना वाचायला द्यावी आणि मुदतीच्या आत चार ओळी त्यांच्याकडूनच लिहून घ्याव्यात. त्या रस्त्यावरून रोज पायी जाणारी तीच आहेत; किती रुंदी हवी आणि कशासाठी, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार?