कटकट आणि खडखड

‘गाडी वळताना पुढून आवाज येतो.’ गेल्या पावसाळ्यात मी दोन गॅरेजमध्ये हेच वाक्य सांगितलं आणि त्यापुढे एक शब्दही सांगू शकलो नाही.

इथे भोपाळमध्ये पॉलिटेक्निक चौकातून श्यामला हिल्सचा चढ लागला आणि भारत भवनाच्या बाजूला वळलो, की चाकाजवळ काहीतरी वाजायचं. तलावाच्या कडेनं व्हीआयपी रोडवर सरळ गेलो तर गाडी अगदी शांत. आवाजावरून बिघाड ओळखणं म्हणजे निव्वळ अंदाज, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी इंजिनिअर. जे मोजता येत नाही त्यावर बोलू नये, या शिस्तीत नोकरी झाली. संशय येईल तो भाग बदलावा आणि आवाज थांबतो का ते पाहावं, एवढाच उपाय मला माहीत होता. लिंक रॉड बदलायला सांगितले. आवाज तसाच. मग लोअर आर्मचे बुश बदलायला लावले, अलाइनमेंट करून घेतली. गॅरेजवाल्यांना बोल लावणार नाही. त्यांनी मी सांगितलं तेच केलं.

शेवटी शेजाऱ्यांनी जहांगीराबादच्या एका वयस्कर मेकॅनिकचं नाव सुचवलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. बॉनेटला हातही न लावता त्यांनी विचारलं, “साहब, आवाज कैसी है?” मी म्हटलं, “बस, आवाज है.” मग एकामागून एक प्रश्न आले. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवलं तर येतो का? खड्ड्यात येतो? ब्रेक लावल्यावर? वळताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो, की पाय काढल्यावर? डावीकडे जास्त, की उजवीकडे? एकाचंही उत्तर मला देता येईना. “दो दिन सुनकर आइए,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. मला राग आला. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला कुणी परत पाठवतं का, असं मी घरी येऊन बोललोही.

रविवारी सकाळी ही म्हणाली, चला, ऐकून तरी पाहू. भेलच्या दसरा मैदानावर गेलो. स्टीअरिंग पूर्ण वळवून मी गाडी पहिल्या गिअरमध्ये गोल फिरवत होतो आणि ही थोडं अंतर राखून बाजूनं चालत होती. डावीकडे काही नाही. उजवीकडे वळवून पाय दाबला की आवाज, पाय काढला की बंद. दोन फेऱ्यांनंतर ती म्हणाली, “अहो, ही खडखड नाहीच. कटकट आहे. चाक जोरात फिरलं की भराभर येते.”

पन्नास वर्षं मी मराठी बोलतोय, पण हे दोन शब्द दोन वेगळे बिघाड सांगतात हे मला त्या मैदानावर कळलं. खड्ड्यात होते ती खडखड. तिथे लिंक रॉड किंवा बुश तपासावेत. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना करकर आली तर स्ट्रटच्या वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग पाहावं. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. आणि वळलेल्या चाकाला ताकद दिली की होणारी कटकट ही एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची खूण. गॅरेजमध्ये हिंदी बोलताना मी हे सगळे शब्द घरी ठेवून जात होतो.

उस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चाक पूर्ण वळवलं आणि मग टॉर्च मारला. एक्सलच्या रबरी बुटाची घडी फाटलेली होती. चाक सरळ असताना ती चीर मिटून जात होती. रिमच्या आतून ग्रीसचा काळा पट्टा उडालेला. अँबेसेडरला हा जॉइंट नव्हता, कारण तिथे ताकद मागच्या चाकांना जायची. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढची चाकं वळवणं आणि ओढणं ही दोन्ही कामं करू लागली. चाक वळलेलं असतानाही एकसारखं फिरावं म्हणून या जॉइंटमध्ये खाचांमधून पोलादी गोळ्या सरकतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर जातं, चिखल आणि रेती आत येते, आणि गोळ्या-खाचा झिजतात. चीर वेळेवर दिसली असती तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं. आता जॉइंटच बदलावा लागला.

जे सांगायला हा लेख लिहितोय ते पुढेच आहे. तो काळा पट्टा हिनं उन्हाळ्यातच पाहिला होता. गाडी धुताना म्हणाली होती, “चाकाच्या आत तेलकट काहीतरी उडालंय.” मी म्हटलं होतं, डांबर असेल. उठून पाहिलंही नाही. तिला गाडीतलं कळत नाही असं मी धरून चाललो होतो, आणि हे मी उस्तादांसमोर तिला सांगितलं.

वडिलांचीही आठवण झाली. अमरावतीहून ते इथे हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीला आले. ती कंपनी पुढे भेलमध्ये विलीन झाली. मोटरच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. कॉलेजात असताना मला ते जुन्या लोकांचं काम वाटे. कंपन मोजायची यंत्रं आहेत की, असं मी त्यांना म्हणालो होतो. यंत्रं होतीच, तेही वापरत. पण कुठल्या मोटरला यंत्र लावायचं हे ते आधी कानानं ठरवत. हे त्यांनी मला समजावलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

आता गाडीत एक वही असते. गेल्या आठवड्यापासून घरघर सुरू झाली आहे. वहीत हिच्या अक्षरात लिहिलंय: ताशी ४० च्या पुढे, क्लच दाबला तरी राहते, डावीकडच्या लांब वळणावर वाढते, उजवीकडच्या वळणावर कमी होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तिचं म्हणणं आहे की उजव्या चाकाचं बेअरिंग असावं. उद्या सकाळी दोघं उस्तादांकडे जातोय. वही तीच वाचून दाखवणार आहे.