चुलीचं काम

दापोलीजवळच्या काकूंच्या घराची दुरुस्ती मीच केली होती. जांभ्याच्या भिंती, सागाचे वासे, मंगलोरी कौलं. गळती नको म्हणून कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद घातला, वटवाघळं नकोत म्हणून वळचणीची फट सिमेंटने बुजवली. घरात थेंब आला नाही.

चौथ्या पावसाळ्यात काकूंनी बोलावून घेतलं. माळ्यावर चढलो तर कुबट दर्प. वाशांवर पांढरी बुरशी, आढ्यालगतचं लाकूड नखाने निघत होतं. कागदाच्या खालच्या अंगाला थेंब लोंबत होते. बाहेरचं पाणी अडवलं आणि आतली वाफ मीच कोंडली.

“चूल होती तेव्हा असं कधी झालं नाही हो,” काकू म्हणाल्या.

ते वाक्य मी विसरलेलो नाही. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढला, तेव्हापासूनची ही कौलं एकमेकांत अडकतात, पण सांध्यांतून हवा जाऊ देतात. चुलीची ऊब माळ्यावर चढून त्या सांध्यांतून निघून जाई, तिच्यामागे वळचणीतून ताजा वारा आत येई. वासे काळे होत, पण कोरडे राहत. गॅस आला, चूल गेली. तिचं काम मात्र तसंच पडून राहिलं.

कागद काढला, कुजलेलं आढं बदललं. दोन्ही पाख्यांची वळचण उघडून बारीक जाळी मारली. पूर्वेच्या पाख्यावर, आढ्याखाली, हवेसाठी तोंड ठेवलेली सहा कौलं बसवली. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पूर्वेकडे पाणी कमी. शिवाय वाऱ्याच्या आडोशाची ही बाजू आतली हवा ओढून घेते. खालची वाट मात्र वरच्या तोंडांपेक्षा मोठी ठेवली. नुसती वर भोकं पाडली तर हवा येणार कुठून? उन्हाळ्यात तापलेलं कौल चुलीचं काम करतं, पावसाळ्यात वारा.

वळचणीशी उदबत्ती धरली. धूर क्षणभर रेंगाळला, मग आत वळून सरळ आढ्याकडे निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत मी शिडीवरून उतरलो नाही.

पुढच्या वर्षी भातकापणीनंतर गेलो, तर काकूंनी बियाण्याचं भात पुन्हा माळ्यावर ठेवलं होतं.