उपगूहन आणि स्थितीकरण



गेल्या थंडीत लेकीकडे न्यू जर्सीला होते. तिथे तेव्हा पाचच्या आतच दिवस मावळतो, म्हणून नात शाळेतून आली की लगेच आम्ही दोघी जेवायला बसायचो. पोर दहावीत. जेवताना दिवसभरातलं सगळं सांगायची.

एकदा सहज म्हणाली, "आजी, आज लॉकडाऊन ड्रिल होतं." मला वाटलं, पुन्हा कोरोना आला की काय! मग तिने समजावलं. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, त्याची ही तालीम. वर्गाला आतून कुलूप, दिवे बंद, मुलं खिडक्यांपासून लांब कोपऱ्यात, चकार शब्द नाही. तिथल्या कायद्याने आगीची एक आणि सुरक्षेची एक अशा दोन तालमी दर महिन्याला घ्याव्याच लागतात. माझा घास हातातच राहिला. आपण सामायिकात मौन धरतो ते मन शांत व्हावं म्हणून. ही लेकरं मौन शिकतात ते जीव वाचावा म्हणून.

एकदा ती डबा विसरली, म्हणून लेकीबरोबर शाळेत गेले. दार बंद. बेल दाबायची, कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं, ओळखपत्र दाखवायचं, मग दार उघडणार. डबा ऑफिसातच ठेवून घेतला. लेक म्हणाली, "आई, आता इथे शाळेत गुपचूप दाबायची धोक्याची घंटाही असते. ती थेट पोलिसांना कळते." फ्लोरिडात पार्कलँडच्या हायस्कुलात १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले. त्यांतली १४ वर्षांची अलिसा पूर्वी न्यू जर्सीत राहायची. तिच्या नावाने इथे २०१९ मध्ये तो कायदा झाला.

मला जरा धीर आला. पण त्याच आठवड्यात नात जेवताना गप्प गप्प. खोदून विचारलं तेव्हा बोलली. वर्गातला एक मुलगा कुणाशी बोलत नाही, एकटाच जेवतो. त्याच्या वहीत तिने वाचलं होतं, 'लवकरच सगळ्यांना कळेल.'

"शाळेत सांगितलंस का?"

"तूच शिकवलंस ना आजी, दुसऱ्याचे दोष उघडे करू नयेत. उपगूहन. आणि तसं काही नसलं तर? त्याला सगळे गुन्हेगार म्हणतील."

सम्यक्दर्शनाची आठ अंगं मीच तिला पाठ करून घेतली होती. मला उत्तर सुचेना.

रात्री णमोकार म्हणूनही झोप लागली नाही. पार्कलँडचा तो मुलगा १९ वर्षांचा, त्याच शाळेत शिकलेला. त्याच्याबद्दल एफबीआयला आधी फोनवर सांगितलंही होतं कुणीतरी, पण पुढे तपास झाला नाही, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. म्हणजे कुलूप, कॅमेरा, घंटा हे सगळं शेवटच्या क्षणाचं. त्याआधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि त्याने ते योग्य माणसापाशी बोलायला हवं.

पहाटे आठवलं, उपगूहनाच्या लगेच पुढचं अंग स्थितीकरण! घसरणाऱ्याला सावरून पुन्हा उभं करणं. शास्त्रात ते धर्ममार्गावरून ढळणाऱ्याबद्दल आहे, पण मला तेवढा आधार पुरला. नातीला म्हटलं, "मैत्रिणींत बोललीस तर ती निंदा. जो त्याला सावरू शकेल त्यालाच सांगितलंस तर ते स्थितीकरण."

मायलेकी काउन्सेलर बाईंना भेटल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. २०२२ च्या कायद्यामुळे तिथे अशा गोष्टी बघायला शाळेचं पथक असतं. त्यात काउन्सेलरसारखी मुलांचं मन जाणणारी व्यक्ती, शिक्षक, मुख्याध्यापक आणि पोलिसांशी संपर्क ठेवणारा माणूस असतो. मुलगा आठवडाभर आला नाही, मग येऊ लागला. त्याच्या मनात काय होतं ते शाळेने सांगितलं नाही. सांगूही नये. तेही उपगूहनच.

पुढे एक दिवस नात म्हणाली, "आजी, आज मी त्याच्या टेबलावर बसून जेवले." माझ्या पोटात गोळाच आला. 'नको गं बाई' अगदी ओठांवर आलं होतं. काही दिवसांपूर्वी मीच अंगं समजावत होते ना! शब्द गिळला आणि विचारलं, "डबा पुरला का दोघांना?"

म्हणाली, "उद्या दोन थालीपीठं जास्त दे."

दिली. पण ती घरी येईपर्यंत माझं लक्ष दाराकडेच होतं.