एकवीस दिवसांची शिदोरी

कोंढ्याच्या शिवारात धानाची मळणी आटोपते तेव्हा बांध्यांतलं पाणी केव्हाच उतरलेलं असतं. चिखलाला भेगा पडलेल्या असतात आणि घरामागच्या वाडीत तणसाचे ढीग चढलेले असतात. पवनी तालुक्यातलं हे गाव कोसऱ्याला इतकं लागून आहे की सगळे जोडूनच नाव घेतात, कोंढा-कोसरा. या दिवसांत गावातल्या कोंबड्यांना कोणी दाणे टाकत नाही. खळ्यावर सांडलेला धान, तणसात अडकून राहिलेली एखादी लोंबी, उकिरड्यातली अळी, बांधाच्या गवतातला नाकतोडा, सगळं त्यांचंच. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की नखांनी जमीन उकरत निघतात त्या दिवेलागणीलाच परततात. पौष सरता सरता त्यांचं अंग भरतं. पिसांच्या पसाऱ्यात ते डोळ्यांना दिसत नाही, पण आत एक फार जुनं काम चाललेलं असतं.

धानाचा दाणा म्हणजे पिष्ट. त्याची चरबी करायची तर त्याला आधी कोंबडीच्या कलेजीतून जावं लागतं. पक्ष्यांच्या देहात चरबी घडते ती मुख्यतः यकृतात. पोटाशी आणि कातडीखाली जी साठते ती तिथली नव्हे, रक्तावाटे तिथे पोचलेली असते. एक ग्रॅम पिष्टात चार कॅलरी, एक ग्रॅम चरबीत नऊ. ज्याला उडायचं आहे त्याने ओझं कमी आणि ऊब जास्त अशीच वस्तू बरोबर घ्यावी. हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकादंब उतरतात, ते याच इंधनावर. कोंबडी एवढं लांब कुठे जात नाही, पण कारखाना तिचाही तोच.

दाण्याबरोबर, पाल्याबरोबर पोटात गेलेला पिवळा रंगही चरबीतच विरघळतो आणि तिच्यासोबत अंगभर फिरतो. काही कोंबड्यांच्या कातडीत एक विकर असतं, ते हा रंग मोडून टाकतं. त्यांचे पाय फिके राहतात. काहींच्या कातडीत ते विकर जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून रंग साठतो आणि पाय हळदीसारखे पिवळे होतात. डार्विनने सगळ्या पाळीव कोंबड्यांचं मूळ लाल रानकोंबड्यात मानलं होतं. 2008 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या पायांचा हा जनुक लाल रानकोंबड्याचा नाही. बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. राखी म्हणजे आपला, दख्खनचा. ताडोबाच्या रानात पहाटे खरखरीत, तुटक आरवणारा, मानेच्या पिसांवर मेणासारखे ठिपके असलेला. जगभरच्या शेडमधल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत या लाजाळू पक्ष्याचा एक तुकडा आहे. मला हे वाचल्यापासून बाजारातल्या जाळीच्या पिंजऱ्यासमोरून सरळ पुढे जाता येत नाही.

साठवलेलं सगळं खर्ची पडतं ते खुडूक बसल्यावर. एका संध्याकाळी कोंबडी अंड्यांवरून उठतच नाही. हात पुढे केला तर अंग फुगवते, घशातून खुरखुरते, टोच मारते. पोटाखालची पिसं गळून तिथे उघडी, कोमट कातडी झालेली असते. अंड्याला मायेची ऊब थेट लागावी म्हणून. मग टोपलीत तणस घालून तिला कोपऱ्यात बसवतात. दिवसातून एकदा ती उठते, आणि तो प्रकार पाहण्यासारखा असतो. आधी पाय ताणते, मग दिवसभर धरून ठेवलेली भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टोपलीपासून दूर टाकते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, राखेत एकदा लोळते, आणि बाकीच्या कोंबड्या अजून चरत असताना परत जाऊन बसते. चोचीने अंडी एकेक करून फिरवते, कडेची आत, आतली कडेला. तुरा फिका पडत जातो. ती रोज थोडी थोडी हलकी होत जाते.

तिला खायला मिळत नाही म्हणून ती वाळते, असं वाटणं साहजिक आहे. कॅनडातल्या तीन संशोधकांनी 1980 साली ब्रह्मदेशी लाल रानकोंबड्यांवर केलेलं काम सांगतं ते वेगळंच. त्यांनी दाणे घरट्याला लागून ठेवले, तरी कोंबड्यांनी जेमतेमच खाल्ले. काही दिवस अन्न काढून घेतलं आणि पुन्हा दिलं, तर त्या दिवसापर्यंत जेवढं वजन असायला हवं होतं तेवढं भरून येईस्तोवर खाल्लं, आणि थांबल्या. उबवण्याच्या एकवीस दिवसांत वजन कसं उतरत जाईल याचा उतार देहात आधीच आखलेला असतो. भूकच त्या उताराप्रमाणे कमी होते. मला हा उपास वाटतो, उपासमार नव्हे. पौषातल्या धानाची ही शिदोरी ती रोज थोडी सोडते.

आणि चरबीचा एक वाटा तिने त्याआधीच देऊन टाकलेला असतो. अंडं धरायच्या वेळी तिचीच कलेजी चरबीचे सूक्ष्म थेंब रक्तात सोडते आणि अंडाशयात बलकावर थर चढत जातात. बलकाचा जवळपास एकतृतीयांश भाग चरबी. कवचातलं पिल्लू वाढायला जी ऊर्जा वापरतं तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक या चरबीतून येते. शेवटी उरलेला बलक पिल्लू आपल्या पोटात ओढून घेतं आणि मगच कवच फोडतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्याला दाणा-पाणी नसलं तरी ते तगतं. हॅचरीतलं एक दिवसाचं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यातून कुठच्या कुठे जिवंत पोचतं ते याच जोरावर. कुक्कुटपालनाचा एवढा धंदा उभा आहे, त्याच्या मुळाशी आईने पोटात बांधून दिलेला हा पिवळा घास आहे.

खोकी आता आपल्याकडेही गावोगाव पोचतात. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि ‘व्हेनकॉब’ या ब्रॉयलर वाणाचं नाव पुढे शेडवाल्यांच्या तोंडी बसलं. आज ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंच्या वर जातो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालचे वाण एकच खाद्य घालून शेजारी शेजारी वाढवले. छप्पन्नाव्या दिवशी पहिला 905 ग्रॅम भरला, शेवटचा 4,202. खाद्य तेच, मधली अठ्ठेचाळीस वर्षं फक्त निवडीची.

अंग एवढ्या वेगाने वाढवलं तशी चरबीही आली. आठवडी बाजारात चिकनवाला पक्षी उघडतो तेव्हा पोट्याभोवती आणि मागच्या बाजूला ओलसर, पिवळट गोळा दिसतो. तो बोटांनीच सुटा होतो. गिऱ्हाईक काही बोलायच्या आत तो टोपल्यात पडलेला असतो. अंड्यावर यायला कोंबडीला पाच महिने तरी लागतात. ही दीड महिन्याची. जी बैठक कधी मांडायचीच नाही तिची तयारी देहाने नेमाने करून ठेवलेली. त्या टोपल्याकडे बघून मला किळस येत नाही, हात जोडावेसे वाटतात. बाजारात तसं करता येत नाही, ते सोडा.

ही साठवण रक्तात किती खोल आहे ते निवडीनेच दाखवलं. फ्रान्समध्ये बर्नार लेक्लेर्क यांनी साधारण सारख्याच वजनाच्या कोंबड्यांचे दोन वंश वेगळे काढले, एक पोटात जास्त चरबी धरणारा, एक कमी. सातच पिढ्यांत त्यांची दोन घराणी झाली. अमेरिकेत पॉल सीगल यांनी 1957 पासून आठव्या आठवड्याच्या वजनावर एक वंश भारी आणि एक हलका निवडत नेला. चाळीस पिढ्यांनंतर दोघांत नऊ पटींचा फरक होता. भारी वंश समोर येईल ते खातो, त्याला मोजूनच घालावं लागतं. हलक्या वंशातली काही पिल्लं भरल्या खाद्याशेजारी न खाता मरतात. त्यामागे एखादा बलवान जनुक असेल म्हणून शोध घेतला, तर हाती आले थोडा थोडा जोर लावणारे पुष्कळ. माणसात चरबी स्वतःच लेप्टिन सोडते आणि मेंदूला ‘पुरे’ असं कळवते. कोंबडीच्या चरबीतून तो निरोप जातच नाही. तिचं पुरे कुठून येतं हे शोधणं चालूच आहे. ब्रॉयलरच्या आईबापांना तर कंपन्या जन्मभर हात राखूनच खाद्य देतात, नाहीतर ते अंडी देण्याआधीच चरबीने मोडतील.

कोंढ्यात निवड हाताने होते. उन्हं तापायच्या आत शेवटची कोंबडी बसवायची म्हणून एका घरी दोन खुडूक कोंबड्या बाहेर काढल्या होत्या. एक कवड्या रंगाची, देखणी, मला तीच आवडली. म्हाताऱ्या काकूंनी ती उचलली, छातीच्या हाडाच्या दोन्ही अंगांनी बोटं फिरवली, शेपटीखाली चाचपलं, आणि खाली सोडून दिली.

“हे नोको. हलकी आहे. मधातच उठून जाईल.”

दुसरी मळकट, मान उघडी असलेली. तिला हातात तोलून त्यांनी मान हलवली. मग टोपलीत अंडी ठेवताना त्याच कोंबडीची अंडी आधी वेगळी काढून घेतली. मी विचारलं, तिचीच का? “तिच्या मायनं पण एकही अंडं वाया नव्हतं घालवलं,” काकू म्हणाल्या, आणि बाकीची जागा शेजारणीकडून आणलेल्या अंड्यांनी भरली.