क्रौंचांच्या मुक्कामी

मागच्या डिसेंबरात लेकाच्या आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या बिऱ्हाडातून, न्यू मेक्सिकोतल्या बोस्के देल अपाचे अभयारण्यात भल्या पहाटे पोचलो. सोबत १४ वर्षांचा मोती. त्याला कुठे ठेवून जायला लेकाचा जीव होईना, म्हणून तर हे बिऱ्हाड! माझ्या गुडघ्यांचीही त्यात सोय झाली.

इथे कुत्र्याचा पट्टा सोडायचा नाही, असा नियम. योग्यच आहे. दचकून उडण्यात पाखरांची थंडीतली शिदोरी वाया जाते.

१९४१ साली इथे जेमतेम १७ सँडहिल क्रौंच उतरले होते. आता हजारोंनी येतात. कायोटी नावाच्या कोल्ह्यांच्या भीतीने रात्री उथळ पाण्यात उभ्यानेच झोपतात आणि उजाडलं की कलकलाट करत शेतांकडे निघतात. एका जोडीच्या मधोमध तपकिरी डोक्याचं पिल्लू दिसलं. पहिला हिवाळा पिल्लं आईबापांजवळच काढतात, मग वेगळी होतात.

"आई, गारठा आहे, आत ये," लेक म्हणाला.

"थांब रे जरा."

मोतीही थांबला. फेब्रुवारीचं माझं साताऱ्याचं तिकीट आलेलं होतं. तो विषय त्या दिवशी कोणीच काढला नाही.