विजेच्या मापातलं पाप

दुधात पाणी घातलं तर जिभेला कळतं. वीज दिसत नाही, चाखता येत नाही. म्हणून चाकण-महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांतली कंत्राटी पोरं मालक सांगेल तितक्या युनिटचे पैसे गपगुमान देतात. त्यांतली कित्येक आयटीआय झालेली असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे परीक्षेत लिहिलेलं असतं. स्वतःच्या खोलीला कुणी लावून पाहत नाही.

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या चार पोरांना महिन्याचे २१० युनिट लागले. सबमीटरही तेच दाखवत होता. "भाई, दिवसभर आम्ही कंपनीत. एवढी वीज जाळतं कोण?"

कागद घेऊन बसलो. १००० वॅट एक तास चाललं की एक युनिट. पंखा ७५ वॅटचा, डासांमुळे थंडीतही बारा तास: ०.९ युनिट. दिवा किरकोळ. आंघोळीच्या पाण्याचा रॉड १५०० वॅटचा, बादलीला अर्धा तास: ०.७५ युनिट. चार बादल्या, ३ युनिट. दिवसाचे जेमतेम चार, महिन्याचे ११८-१२०.

मग उरलेले नव्वद कुणाचे?

खोलीतलं सगळं बंद केलं. तरी सबमीटरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि खाली पाण्याची मोटार चालू होती. मोटारीची वायर पोरांच्या सबमीटरच्या पुढून घेतलेली. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. रोज चार तास धरले तर महिन्याला साधारण नव्वद युनिट. हिशोब जुळला.

पोरांनी भांडण केलं नाही, कागद पुढे ठेवला. मालकांनी वायरमन बोलावून जोडणी बदलली. मागचे पैसे मात्र परत आले नाहीत.

हाच गुणाकार जीवही वाचवतो. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर; पंख्या-दिव्याचं छोटं सॉकेट सहाचं असतं. रमजानमध्ये सहरीला त्याच बोर्डावर २००० वॅटची शेगडीही लागते, तेव्हा प्रवाह पंधराच्या वर जातो. प्रवाह दुप्पट झाला की सैल जोडातली उष्णता चौपट होते. प्लग काळा पडतो तो त्यामुळे. रॉड आणि शेगडी सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, तीही एका वेळी एकच.

आणि आज रात्री खोलीतलं सगळं बंद करून एकदा मीटरचा लाल दिवा बघा.